बेटावर जायचंय? मग एक दिवस मोकळा ठेवा

मैत्रिणींनो, फराळाचे डबे तळाला लागले, चिवड्याचा नुसता चुरा उरला की आपल्या घरात एक विषय हमखास निघतो. "यंदा कुठं जायचं?" या वेळच्या पत्रांच्या गठ्ठ्यात अंदमानबद्दल विचारणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. नाशिकरोडच्या एका मैत्रिणीनं लिहिलंय, "ताई, सासूबाई धरून आम्ही पाच माणसं. ह्यांना आठ दिवसांची रजा मिळेल. एक टूरवाले पाच रात्रींत नऊ ठिकाणं दाखवतो म्हणताहेत. घ्यावं का?"

माझं उत्तर असं : नऊ ठिकाणं घेऊ नका. पाच घ्या, आणि एक दिवस रिकामा ठेवा. आणि सासूबाई ज्यासाठी येताहेत ते ठिकाण सगळ्यात आधी करा.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. चूक करून शिकले, म्हणून सांगते.

काही वर्षांपूर्वी आम्ही दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला गेलो. सासूबाईंचं बालपण नाशिकला तिळभांडेश्वराच्या गल्लीतलं. सावरकरांच्या घरावरून रोज शाळेत जायच्या. त्यांच्या आजीनं येसूवहिनींना पाहिलं होतं म्हणे. येसूवहिनी म्हणजे थोरल्या बाबारावांच्या पत्नी. बाबारावांना १९०९ साली जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. धाकटे विनायकराव १९११ साली त्याच तुरुंगात गेले. येसूवहिनींनी दहा वर्षं वाट पाहिली आणि १९१९ साली त्या गेल्या. नवऱ्याची भेट झालीच नाही. सासूबाई हे सगळं घरातल्याच कुणाचं सांगावं तसं सांगायच्या. "मला एकदा ती कोठडी बघायची आहे," एवढंच त्यांचं म्हणणं. बाकी बेटं, वाळू, मासे यांच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

आम्ही काय केलं? पोहोचलो त्या दिवशी दुपार मोकळी होती. पण मुलांना टोप्या नि चपला हव्या होत्या, म्हणून बाजारात गेलो. "आई, जेल काय, शेवटच्या दिवशी आहेच की," असं मीच म्हटलं. दुसऱ्या दिवशी हॅवलॉक गाठलं. परतायच्या दिवशी सकाळी वारा सुटला. धक्क्यावर पाटी लागली, बोटी बंद! दुसऱ्या दिवशी दुपारनंतर एक बोट सुटली. पोर्ट ब्लेअरला उतरेपर्यंत मिट्ट काळोख झालेला. जेलचं दार बंद, पावसामुळं संध्याकाळचा कार्यक्रमही रद्द, आणि सकाळी सातचं विमान. रिक्षा थांबवून सासूबाईंनी बाहेरूनच भिंतीला हात लावला. मला म्हणाल्या, "असू दे गं. भिंत तरी पाहिली." रिक्षात कुणी बोललं नाही.

पुढच्याच वर्षी त्यांचे गुडघे गेले. आता जिन्याची एक पायरी चढायची म्हटली तरी धरून चढवावं लागतं. आणि ती कोठडी आहे वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला.

म्हणून सांगते. आपण गोदाकाठची माणसं. आपलं प्रवासाचं गणित एसटी स्टँडवर शिकलेलं : ही गाडी चुकली तर तासाभरानं दुसरी. बेटावर तसं नसतं. तिथं समुद्रानं नाही म्हटलं की तिकीट, ओळख, पैसा, काही चालत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये वादळामुळं हॅवलॉक आणि नील बेटांवर शेकडो पर्यटक काही दिवस अडकून पडले होते आणि नौदलाच्या बोटींनी त्यांना आणावं लागलं. हे काही आपल्याच देशात होतं असंही नाही. ग्रीस देशाच्या बेटांचे गुळगुळीत फोटो आपण पाहतो ना, तिथंही जुलै-ऑगस्टात मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. तो जोरात आला की अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातल्या मोठमोठ्या बोटीसुद्धा जागच्या जागी उभ्या राहतात. बेट कुठलंही असो, मोकळा दिवस हवाच.

केव्हा जावे?

इथं आपली पंचाईत होते. आपल्या शाळांना सुट्ट्या दिवाळीत आणि मे महिन्यात. अंदमानचा समुद्र चांगला असतो तो साधारण डिसेंबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. मे महिन्यात तिकडं पावसाळा सुरू होतो. आपल्याकडं येणारा मोसमी पाऊस आधी अंदमानातच पोहोचतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीच्या वाऱ्यांचा पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही बहुतेक मे महिन्यात नाही तर ऑक्टोबर ते डिसेंबर याच काळात होतात. म्हणजे आपल्या दोन्ही मोठ्या सुट्ट्या नेमक्या समुद्राच्या वाईट दिवसांत येतात.

यावर उपाय असा. मुलं लहान असतील तर जानेवारी-फेब्रुवारीत शाळा चार-सहा दिवस बुडाली तरी चालेल. वर्गशिक्षिकेला आधी भेटून सांगावे. मुलं मोठी असतील तर परीक्षा संपल्याबरोबर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जावे. नाताळची सुट्टी गाठायची असेल तर गर्दी आणि चढे भाव गृहीत धरावेत. दिवाळीतच जाणे भाग असेल तर एकाऐवजी दोन दिवस मोकळे ठेवावेत.

नाशिकहून कसे जावे?

दोन रस्ते आहेत. पहिला, मुंबईला जाऊन विमान. बहुतेकदा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळूर इथं विमान बदलावं लागतं. चेन्नईहून पुढं सव्वादोन तास लागतात. दुसरा, नाशिकरोडहून मुंबई-हावडा मेलनं कोलकाता आणि तिथून विमान. गाडीला तीस तासांच्या आसपास लागतात, पण माणशी खर्च कमी होतो आणि मुलांना देश बघायला मिळतो. मात्र गाडी उशिरा पोहोचली तर विमान थांबत नाही. म्हणून एक मुक्काम कोलकात्यात धरूनच चालावे.

बोटीनंही जाता येतं. चेन्नईपासून समुद्रमार्गानं सुमारे ११९० किलोमीटर आणि कोलकात्यापासून १२५५. त्याला तीन दिवसांच्या आसपास लागतात आणि फेऱ्या महिन्यातून मोजक्याच. रजा आठ दिवसांची असेल तर हा विचार सोडून द्यावा.

घरात कुणी केंद्र सरकारी नोकरीत असेल तर एलटीसीवर जाता येतं. पण तिकीट कुठून काढायचं, कोणत्या वर्गाचं, याला नियम असतात आणि ते बदलतही राहतात. आधी कचेरीत विचारावे, मग तिकीट काढावे. उलट केलं तर पैसे आपल्याच पदरचे जातात.

नावांचाही थोडा घोळ होतो, तो आताच निस्तरून ठेवू. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम ठेवलं गेलं. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप आणि रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. ही नावं ३० डिसेंबर २०१८ रोजी दिली गेली. बरोबर पंचाहत्तर वर्षांपूर्वी, ३० डिसेंबर १९४३ रोजी, नेताजींनी तिथं झेंडा फडकवला होता. तिकिटावर जुनं नाव आणि धक्क्यावर नवं नाव दिसलं तर घाबरून जाऊ नका.

आठ दिवसांची मांडणी

पहिला दिवस : पोहोचणे, आराम. तब्येती ठीक असतील तर संध्याकाळी सेल्युलर जेलमधला ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम. तो हिंदीतला आहे की इंग्रजीतला ते तिकीट घेतानाच विचारावे.

दुसरा दिवस : सकाळीच जेल. बंद कधी असतो ते हॉटेलात आदल्या दिवशी विचारून ठेवावे. जेवून दुपारी जवळचं रॉस बेट.

तिसरा दिवस : सकाळच्या बोटीनं हॅवलॉक. संध्याकाळी राधानगरचा किनारा.

चौथा दिवस : हॅवलॉकलाच. पोवळ्यांचे किनारे, पोहणं, नाही तर नुसतं झाडाखाली बसणं.

पाचवा दिवस : परत श्री विजयपुरमला. हवा उत्तम असेल तरच वाटेत नील करावे.

सहावा दिवस : मोकळा. बोट वेळेवर आली असेल तर मानववंशशास्त्राचं संग्रहालय बघा, बाजार करा, कॉर्बिन्स कोव्हच्या किनाऱ्यावर बसा. बोट अडकली असेल तर हाच दिवस तुम्हाला वाचवील.

सातवा दिवस : विमान. आठवा : घर.

लक्षात ठेवा, बेटावरून परतीची बोट आणि परतीचं विमान एका दिवशी कधीही ठेवू नये. टूरवाल्यांच्या कागदावर पहिल्यांदा हेच बघावे. कुणाला स्कूबा करायचं असेल तर ते चौथ्या दिवशी उरकावे. खोल पाण्यातून वर आल्यावर निदान एक दिवस विमानात बसायचं नसतं. दमा, हृदयाचं दुखणं किंवा कानाचा त्रास असेल तर त्या वाटेला जाऊच नये.

आणखी एक गंमत. घड्याळ आपलंच, पण बेटं आपल्यापासून खूप पूर्वेला. त्यामुळं सूर्य तिकडं नाशिकपेक्षा सव्वा तास आधी उगवतो आणि आधीच मावळतो. डिसेंबरात पाच वाजताच दिवस संपतो. "दुपारी झोपू, मग साडेचारला निघू" हा आपला नेहमीचा बेत तिथं फसतो. पहाटे लवकर उठावे आणि सहाला चहा घेऊन बाहेर पडावे.

बोट लागू नये म्हणून

जिला घाटात गाडी लागते तिला बोटही लागणार, असं धरून चालावे. निघताना पोट रिकामं नको आणि तुडुंब भरलेलंही नको. कोरडी पोळी, बिस्किट, एखादं केळं पुरे. तळलेलं नको. मळमळीची गोळी घ्यायची असेल तर ती डॉक्टरांना विचारून, निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुतेक वेळा बाहेरच पडते. बसायला बोटीच्या मधली जागा मागावी, तिथं हेलकावे कमी बसतात. नजर मोबाइलवर न ठेवता दूर क्षितिजावर ठेवावी. आलेपाक, आवळासुपारी आणि प्लॅस्टिकच्या दोन-चार पिशव्या आपल्या हातातल्या पर्समध्येच असू द्याव्यात. बॅगेत खाली ठेवलेल्या वेळेवर मिळत नाहीत.

बरोबर काय न्यावे, काय नेऊ नये

विमानात सामानाचं वजन ठरलेलं असतं, बहुधा माणशी पंधरा किलो. सुती कपडे दोन जोड, पोहण्याचा एक, रात्री घालायचा एक. किनाऱ्यावर साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा; वाळूनं जड झालेला साडीचा काठ धुताना डोळ्यांत पाणी येतं. वयस्कर माणसांना रबरी तळाच्या पट्ट्याच्या चपला द्याव्यात, कारण धक्क्यावरच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. बीपी-शुगरच्या गोळ्या मोजून चार दिवसांच्या जास्त घ्याव्यात आणि त्या हातातल्या पिशवीतच ठेवाव्यात. अडचणीच्या तारखा आधीच मोजून पाहाव्यात. तारीख पुढं ढकलायची गोळी मात्र शेजारणीनं सांगितली म्हणून घेऊ नये, आपल्या डॉक्टरीणबाईंना विचारावे.

खाण्याचं म्हणाल तर दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि आपला नाशिकचा चिवडा पुरे. तेलाचं लोणचं हातातल्या सामानातून काढून घेतात. सुकं खोबरंही विमानाच्या मोठ्या बॅगेत चालत नाही, ते नेऊ नका आणि येताना आणूही नका. आणि बायांनो, कृपा करून शेगडी नि तवा नेऊ नका! तिकडं बंगाली आणि तामिळ वस्ती मोठी आहे, डाळभात-भाजी-इडली सगळं मिळतं. बेटावर जाऊनही पोळ्या लाटायच्या असतील तर तुमची सुट्टी कुठं झाली? नाश्ता देणारं हॉटेल घ्या आणि चार सकाळी आयता चहा प्या.

लहान बेटांवर एटीएम मोजकी आणि कधी बंदही असतात. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून तार गेल्यापासून फोन-इंटरनेट बरंच सुधारलंय, तरी सगळीकडं भरवसा नाही. रोख पैसे दोघांच्या पाकिटांत विभागून ठेवावेत. तिकिटं आणि ओळखपत्रांच्या कागदी प्रती बरोबर असाव्यात.

खर्चाची चार पाकिटं

बँकेत आवर्तक ठेवीचं खातं काढून वर्षभर आधी सुरुवात करावी. भिशीचा नंबर त्याच सुमारास लागेल असं बघावे. मग चार पाकिटं करावीत : प्रवास, मुक्काम, बोटी आणि हिंडणं. चौथं पाकीट अडकलेल्या दिवसाचं. एका दिवसाचं हॉटेल, दोन वेळचं जेवण आणि रिक्षाभाडं एवढी रक्कम त्यात ठेवून ते शिवून टाका म्हणा ना! काही झालं नाही तर परत येऊन त्यातून स्वतःसाठी काहीतरी घ्या. बोट रद्द झाली तर पैसे परत कसे मिळतात, हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावे.

काय करू नये

शंख-शिंपले, पोवळी किनाऱ्यावरून उचलू नयेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली पोवळी आणि कित्येक शंख येतात, विमानतळावर पिशव्या तपासल्या जातात. दुकानातून घेतलं तर पावती जपावी. मगरीची पाटी असलेल्या पाण्यात पाऊलही घालू नये; तिथं खाऱ्या पाण्यातल्या मगरी खरोखरच आहेत. बाराटांगच्या रस्त्यावर जारवा लोकांचा प्रदेश लागतो. तिथं गाडी थांबवणं, फोटो काढणं, मुलांच्या हातून बिस्किटं देणं याला कायद्यानं बंदी आहे. आणि कायदा नसता तरी, आपल्या अंगणात कुणी अनोळखी माणसानं थांबून आपले फोटो काढलेले आपल्याला चालतील का?

जेल दाखवताना

मुलांना नेण्यापूर्वी एका रविवारी भगूरला घेऊन जा. देवळालीजवळच आहे. सावरकरांचा जन्म तिथं १८८३ साली झाला, तो वाडा बघता येतो. मग तिकडं गेल्यावर गाइडचं बोलणं मुलांना कळतं. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत बांधलेला हा तुरुंग. मधे मनोरा आणि चाकाच्या आऱ्यांसारखे सात पाखे. त्यातले तीन आता उरलेत. बंगाल, पंजाब, महाराष्ट्र, सगळीकडची माणसं इथं होती. दिवसाला तीस पौंड खोबरेल तेल काढायचा कोलू बघून मुलं आपोआप गप्प होतात. १९७९ साली हे राष्ट्रीय स्मारक झालं.

दोन वर्षांनी मी वन्संबरोबर पुन्हा गेले. या वेळी पहिल्याच सकाळी जेल. वरच्या मजल्यावर जाऊन त्या कोठडीत उभी राहिले. घरी आल्यावर सासूबाईंच्या पलंगाशी बसून सगळं सांगितलं. फोटो त्यांनी बघितले आणि बाजूला ठेवले. मग विचारलं, "कोठडीतनं समुद्र दिसतो का गं?"

"नाही हो, आई. झरोका पार वर आहे, माणसाचा हात पोचत नाही. आणि दारातून समोरच्या पाख्याची पाठ दिसते. एकाला दुसरा कैदी दिसू नये म्हणून तसंच बांधलंय."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे इथं वहिनींना काही दिसत नव्हतं, तसंच त्यांनाही."

हे त्यांनी तिथं उभं राहून म्हणायला हवं होतं. ती एक दुपार मी टोप्या नि चपलांत घालवली.

तेव्हा नाशिकरोडच्या मैत्रिणी, टूरवाल्यांना आजच फोन करा. नऊ ठिकाणांतली चार काढून टाकायला सांगा आणि जेल दुसऱ्या दिवशी सकाळी लिहून घ्या. आणि मग सासूबाईंना हळूच विचारा, "आई, तुम्हाला तिकडं नक्की काय बघायचंय?" कदाचित जेल नसेलही. कदाचित त्यांना नुसतं समुद्राच्या पाण्यात पाय बुडवून बसायचं असेल. जे असेल ते आधी करा.

परत आल्यावर पत्र लिहायला विसरू नका.